दारूकाम आणि म्हणी

म्हणी ही पूर्वजांच्या अनुभवाची पुंजी होय. दाते व कर्वे यांनीं १९४२ सालीं ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चा पहिला भाग काढून ती जतन केली. परंतु नाणें खरें असलें तरी तें कोणत्या सौद्यांत चालवावें, हें कळलें पाहिजे.

तेरखेड्याचें दारूकाम मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. अशा धंद्यांत स्फोट झाला, कीं वांचलेल्यास ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असें म्हणण्याची आपली रीत. भेदरलेल्या मजुरास त्यानें धीर येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तेंच वाक्य मालकाच्या तोंडीं आलें, कीं मात्र चौकशीच मिटते. मसाला कोणी कालवला, एका खोलींत माणसें किती होतीं, तयार माल कोठें रचला होता, हें सारें वेळेच्या माथीं! ठिणगीस मुहूर्त लागत नाहीं, घर्षण पुरतें. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ हीहि म्हण आपलीच; पण तिला खर्च आहे, म्हणून ती फारशी ऐकूं येत नाहीं.

स्फोटक द्रव्यांचा कायदा १८८४ चा, त्याखालील नियम २००८ चे. दिवाळीचा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यांनीं भाव ठरवितांना परवाना पाहावा आणि खोल्यांमधील अंतरहि विचारावें, अशी आमची सूचना आहे.