आधी रक्त तपासा, कात्री खाली ठेवा

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्यातलं एक तान्हं बाळ तेराव्या दिवशी गेलं. मुलगा की मुलगी, हे बाहेरून कळत नव्हतं. फाइलमध्ये ऑपरेशनसाठी सर्जनला लिहिलेली चिठ्ठी होती. सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट नव्हता.

संताप सगळ्यांनाच आहे, तो उगाळत नाही. हे पत्रक एकाच गोष्टीविरुद्ध आहे: पेढे वाटायचे की बर्फी, हे कात्रीने ठरवण्याची घाई.

असं बाळ साधारण साडेचार-पाच हजार जन्मांत एक येतं. नेहमीचं कारण म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचा जन्मजात दोष, सीएएच. कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही, पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि गर्भाशय शाबूत असलेली मुलगी बाहेरून मुलासारखी दिसते. तीव्र प्रकारात चारांपैकी तीन बाळांच्या लघवीतून मीठ वाहून जातं. दुसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, सुकत जातं. घरचे म्हणतात, दूध पचत नाही. तिकडे सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, हृदय बंद पडतं. घरात बारशाची तयारी चालते ते हेच दिवस. हा दोष ओळखणारी 17-ओएचपी चाचणी करायला 48 तासांनंतर टाचेतले काही थेंब रक्त पुरतं. औषध म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मीठ. एवढ्यावर जीव वाचतो!

"शाळेत पोरं चिडवतील." मग पोरांना आवरा. त्यांच्यासाठी बाळाचं अंग कापता? "लग्न कसं जमणार?" पाळण्यातल्या जिवाच्या लग्नाची काळजी करणाऱ्यांनो, तिथल्या नसा तुटल्या की गेलेली संवेदना परत येत नाही, हे कोणी सांगितलं का? "जन्मनोंदीत काय लिहू?" तपासण्या पाहून मुलगी लिहा, मुलगा लिहा, लिहायला ऑपरेशन लागत नाही. नोंदीला 21 दिवस असतात, नाव नंतरही घालता येतं.

"आईबापांची सही आहे." टाके ओले असलेल्या बाईपुढे सरकवलेल्या कागदावरची! पालकांची संमती ही मुलाची संमती नव्हे, असं मद्रास उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2019 ला सांगितलं. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने, जिवावर बेतलं नसेल तर, लहानग्यांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. माल्टाने कायदा केला 2015 मध्ये. लघवीची वाटच बंद असेल तर जरूर करा ऑपरेशन, त्याला कोणाचा विरोध आहे?

महाराष्ट्रानेही तसाच आदेश काढावा. तोवर, तुमच्या घरात असं बाळ आलं तर सहीआधी रिपोर्ट मागा: सोडियम, पोटॅशियम, साखर, 17-ओएचपी. तपासणीची सोय नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या आणि त्याच दिवशी बाळाला घेऊन निघा.