जपानच्या शस्त्रांचे कौतुक थांबवा

जपान शस्त्रसज्ज होतोय म्हणून छत्रपती संभाजीनगरात खूश होणाऱ्यांचा मला संताप येतो. चीनला शह बसेल, एवढ्यावरच यांचा हिशेब संपतो. जपानने या शहराला काय दिले ते आठवा. चिकलठाणा विमानतळाची नवी इमारत, अजिंठ्याच्या डोंगरातली वृक्षलागवड, लेण्यांचे जतन, सगळ्यामागे जपानी कर्ज आहे. त्या कर्जासोबत बंदूक आली नाही. अजिंठ्याचे अभ्यागत केंद्र थकबाकीपायी बंद पडू दिले ते आपण. ती लाज आपली.

युद्धाने मोडलेल्या मुलखात जपानला इज्जत मिळाली ती नि:शस्त्र माणसांमुळे. अफगाणिस्तानातल्या नांगरहारमध्ये जपानी डॉक्टर तेत्सु नाकामुरा यांनी पाहिले की दुष्काळात पोरे घाण पाणी पिऊन मरतात, तिथे नुसत्या औषधाने भागत नाही. २००३ मध्ये त्यांनी कालवा खणायला घेतला. तारेच्या जाळीत दगड भरून काठ बांधले आणि मुळांनी दगड धरून ठेवावेत म्हणून मागे वाळुंज लावली. मराठवाड्यात पाणलोटाच्या कामावर राबलेल्या माणसाला गॅबियन समजावून सांगावा लागत नाही. दगड गावचे, मजूर गावचे, उद्या जाळी तुटली तर दुरुस्तीही गावच करणार. सुमारे २५ किलोमीटरच्या त्या कालव्याने ओसाड जमीन भिजवली, परागंदा कुटुंबे परत आणली. सैन्य पाठवाल तर नुकसानच होईल, असे याच डॉक्टरांनी २००१ मध्ये जपानी संसदेला बजावले होते. ४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

'बघा, शस्त्राशिवाय चालत नाही,' म्हणणाऱ्यांनी आता सैन्याचा हिशेबही द्यावा. इराकच्या समावात २००४ ते २००६ जपानी तुकडी होती. तिच्या सुरक्षेसाठी आधी डच, मग ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैन्य लागले. २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या जुबात लढाई पेटली. तिथल्या जपानी तुकडीने रोजनिशीत तसे लिहिले, तर टोकियोच्या संरक्षण खात्याने रोजनिशीच नष्ट झाल्याचे सांगितले. पुढे ती सापडली आणि २०१७ मध्ये संरक्षणमंत्री तोमोमी इनादा यांना राजीनामा द्यावा लागला. जे खाते आपल्याच जनतेला खरे सांगत नाही, त्याने परक्या देशात शांतता उभारण्याच्या बाता मारू नयेत.

उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे डोक्यावरून जात असताना जपानने स्वतःचे रक्षण करू नये, असे मी म्हणत नाही. पण २०२२ मध्ये संरक्षणखर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरले, २०२३ पासून मदतीच्या नावाने इतर देशांच्या सैन्यांना सामग्री मिळू लागली आणि २०२४ मध्ये भागीदारीत बनणारे लढाऊ विमान तिसऱ्या देशाला विकायची वाट मोकळी झाली. हे रक्षण नव्हे, दुकान आहे. आपणही त्या दुकानात उभे आहोत. नोव्हेंबर २०२४ मध्ये युद्धनौकांच्या 'युनिकॉर्न' अँटेनासाठी दिल्लीने टोकियोशी करार केला.

१९४६-४७ मध्ये हरलेल्या जपानात पहारा द्यायला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण गेली होती. त्याच काळात युद्धाचा त्याग करणारे राज्यघटनेचे नववे कलम तिथे लागू झाले. त्या कलमाच्या मोडतोडीवर इथल्या मराठी माणसाने खूश व्हावे, याचा मला राग आहे.

२०२१ मध्ये तालिबान आले आणि काबूलमधली जपानी वकिलात रिकामी झाली. नाकामुरांच्या माणसांनी मात्र काही महिन्यांत काम पुन्हा सुरू केले. पैसा कुठे लावावा हे टोकियोला कळत नसेल, तर शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी पाहुण्यांना हार घालणाऱ्यांनी त्यांना तोंडावर सांगावे.