ई२० पेट्रोल आलं, पण ब्रश कटरला कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात दिंडोरीजवळ मामाच्या द्राक्षबागेत गवत कापताना ब्रश कटर बंद पडला. दोरी ओढून ओढून माझा खांदा दुखला, पण इंजिन काही सुरू होईना. मेकॅनिकने उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. "पेट्रोल बदललंय ना दादा, जेट मोठं करावं लागेल," तो म्हणाला. मामाने माझ्याकडे पाहिलं, कारण घरातला इंजिनिअर मी. आता मी कोड लिहितो, इंजिन नाही खोलत. तरी विषय डोक्यात बसला.

सगळा दोष पेट्रोलचाच होता असं मी म्हणणार नाही. मामा ऑइलही अंदाजानेच टाकतो. पण मेकॅनिकच्या बोलण्यात तथ्य किती, ते बघूया.

नेमकं बदललं काय?

२०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. साधं पेट्रोल नीट जळायला १ किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. ई२० चा हिशोब येतो साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त जायला हवं. इंजिन शुद्ध पेट्रोलवर सेट असेल तर ८-९% जास्त, ई१० वर सेट असेल तर साधारण ४%.

बाइकला कळतं, कटरला नाही

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस६ बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन असतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला की ईसीयूला कळतं की इंधन कमी पडतंय, आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो. आमच्या भाषेत हा फीडबॅक लूप.

कार्ब्युरेटरमधलं जेट म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू. एवढंसं भोक, त्यातून जाईल तेवढं इंधन. आत ई० आहे की ई२०, त्याला पत्ताच नाही. जुनी स्प्लेंडर, फवारणीचा पेट्रोल पंप, ब्रश कटर, सगळ्यांचं तेच.

टू-स्ट्रोक इंजिनचं दुखणं आणखी मोठं. त्यात ऑइल पेट्रोलमधूनच जातं. इंधन कमी पडलं की इंजिन तापतं. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ई२० सामावून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कटरची इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. त्या थरात ऑइल जवळपास नसतंच. मग पिस्टनवर ओरखडे येणारच.

मोबाइलवरचे 'जुगाड'

पहिला जुगाड: पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचं. हे अजिबात करू नका. पेट्रोलियम मंत्रालयाच्याच आकड्यांनुसार इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५ आणि मूळ पेट्रोलचा ८४.४. इथेनॉल काढलं की हातात कमी ऑक्टेनचं, ओलसर पेट्रोल उरतं. शिवाय घरात उघड्या बाटल्यांमध्ये पेट्रोल हलवणं म्हणजे आगीशी खेळ.

दुसरा: ड्रिल मारून जेट मोठं करायचं. ४% जास्त इंधनासाठी भोकाचा व्यास जेमतेम २% वाढवावा लागतो. हातातल्या ड्रिलने एवढं बारीक काम होत नाही. पुढच्या मापाचं तयार जेट मिळत असेल तर तेच बसवा. कटरवर 'एच' आणि 'एल' असे स्क्रू असतील, तर अनुभवी मेकॅनिककडून मिश्रण थोडं वाढवून घ्या. प्लगचं टोक तपकिरी दिसलं तर ठीक, पांढरंफटक दिसलं तर इंधन कमी पडतंय.

खरा प्रश्न कुणाचा?

आपल्याकडची चर्चा गाडीच्या मायलेजवरच अडकली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ३-४% घट धरली होती. बागेतल्या यंत्रांबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अशा इंजिनांसाठी १०% पर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत १५% इथेनॉलच्या पंपावर केशरी लेबल असतं: मोटरसायकल, बोट आणि पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांत वापरू नका. ब्रिटनने २०२१ मध्ये ई१० आणलं, पण जुन्या गाड्यांसाठी ई५ सुरू ठेवलं. आपल्याकडे इथेनॉलविरहित पर्याय आणि पंपावर लेबल मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. येवला-मालेगावकडच्या मक्याला आणि राज्यातल्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळतं. पण एका शेतकऱ्याचा मका विकला जातो म्हणून दुसऱ्याच्या कटरचं इंजिन जाम व्हावं, हे काही बरोबर नाही. पंपावर एक लेबल लावायला असा किती खर्च येतो?

तोवर एवढं करा: लागेल तेवढंच पेट्रोल आणा, कॅन घट्ट बंद ठेवा, ऑइल मापून टाका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मामाने आता ऑइलसाठी मापाची बाटली आणली आहे. नवीन पिस्टनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली.