बेसिक सोड, पूर्ण स्लिप दाखव!

तुमच्या मेलबॉक्समध्ये दर महिन्याला एक कागद येतो आणि तुम्ही त्याची फक्त शेवटची ओळ वाचता. सॅलरी स्लिप! ‘इन हॅण्ड किती?’ एवढं कळलं की विषय संपला. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स... वरच्या ओळी एचआरवाल्यांच्या करमणुकीसाठी असतात असं सगळ्यांचंच मत. (मी पडले फ्रीलान्सर. मला स्लिपच नसते. चेक वेळेवर आला की तोच बोनस!)

पण त्या वरच्या ओळींवर एका चार वर्षांच्या मुलीचं पाळणाघर, डेण्टिस्ट आणि पावसाळी बूट अवलंबून असतील तर?

मागच्या महिन्यात रात्री एक वाजता फोन वाजला. सॅन डिएगोहून शाळेतली मैत्रीण. तिचा लंच ब्रेक, माझी झोप. लग्न करून ती तिकडे गेली, नवरा अमेरिकन नेव्हीत. (हो, आपला मराठी मुलगा. भरती व्हायला अमेरिकेचं नागरिक असावंच लागतं असं नाही, ग्रीन कार्डवरही होता येतं.) आता दोघं वेगळे होतायत. आरडाओरडा नाही, कपबशा फुटल्या नाहीत. लेक हिच्याकडे राहणार, वीकेण्डला बाबाकडे. प्रश्न उरला चाइल्ड सपोर्टचा, म्हणजे मुलीच्या खर्चासाठी त्याने दरमहा किती द्यायचे.

‘‘तो म्हणाला, माझं बेसिक इतकं, त्यावर हिशोब करू. मी सही करणारच होते गं,’’ ती सांगत होती. ‘‘मग त्याची एलईएस बघितली. बेसिकच्या खाली बीएएच म्हणून एक ओळ आहे. आकडा जवळजवळ बेसिकएवढाच! हा पगार की भाडं?’’

एलईएस म्हणजे तिथल्या सैनिकांची सॅलरी स्लिप. बीएएच म्हणजे बेसिक अलाउन्स फॉर हाउसिंग. १९९८पासून सुरू असलेला घरभाडे भत्ता. पण आपल्या एचआरएसारखा तो बेसिकच्या टक्क्यांत नसतो. तो तीन गोष्टींवर ठरतो: हुद्दा काय, पोस्टिंगचा पिनकोड कोणता आणि कुणी अवलंबून आहे की नाही. एक मूल असो की चार, ‘विथ डिपेण्डण्ट’ रेट तोच. दर जानेवारीत नवे दर लागतात. २०१९पासून हे दर असे ठरतात की सरासरी भाड्याचा पाचेक टक्के भाग सैनिकाने खिशातून घालायचा. सॅन डिएगोसारख्या महागड्या शहरात ज्युनियर हुद्द्यावरच्या माणसाचा बीएएच म्हणूनच बेसिकच्या आसपास जातो. वर या पैशांवर टॅक्स नाही!

इथेच गंमत आहे. टॅक्सवाले म्हणतात, हे उत्पन्न नाही. मग फॅमिली कोर्ट काय म्हणतं? ते म्हणतं, आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात चाइल्ड सपोर्टसाठी उत्पन्न मोजताना पैसा कुठून आला हे बघत नाहीत, आला ना, मग मोजा. २०१०मध्ये तिथल्या अपील कोर्टापुढे नेमका हाच वाद आला होता. म्हणणं असं होतं, की केंद्राच्या कायद्याने या भत्त्यावर टॅक्स नाही, चाइल्ड सपोर्टच्या वसुलीसाठी तो पगारातून थेट कापताही येत नाही, मग राज्याचं कोर्ट तो मोजणार कसं? कोर्टाने उत्तर दिलं, कापणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रक्कम ठरवताना भत्ता धरायचा. बहुतेक राज्यांत आज हाच शिरस्ता आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, कॅलिफोर्नियाचा फॉर्म्युला आठवीतल्या बीजगणितासारखा आहे, तो सोडून देऊ. टेक्सासचा सोपा आहे. टॅक्स वगैरे वजा करून उरलेल्या रकमेच्या साधारण २० टक्के एका मुलासाठी, २५ टक्के दोघांसाठी. समजा, बेसिक ४,००० डॉलर आणि टॅक्स कापून हातात ३,३००. फक्त बेसिक धरलं तर एका मुलाला महिना ६६०. आता २,००० डॉलरचा बीएएच मिळवा. टॅक्स नाही, म्हणजे तो अख्खाच्या अख्खा बेरजेत. ५,३०० झाले, त्याचे २० टक्के १,०६०. फरक महिना ४०० डॉलरचा! एक ओळ वाचली नाही म्हणून. आणि बघा, जो टॅक्स वाचला म्हणून आपण खूश होतो, त्याच्यामुळेच त्या भत्त्याचं वजन पगारापेक्षा जास्त भरतं.

आता त्याची बाजू. (मी मैत्रिणीची असले तरी पत्रकारही आहे!) तो म्हणाला, ‘‘ते पैसे माझ्याकडे राहतात कुठे? घरमालकाला जातात.’’ खरंय. पण भाडं हिचंही जातं आणि ते जातं हिच्या पगारातून, जो पूर्ण मोजला जातो. कॅलिफोर्नियात हिशोब एकट्या बापाचा होत नाही. दोघांचं निव्वळ उत्पन्न आणि मूल कुणाकडे किती वेळ राहतं, दोन्ही धरतात. एकाचं भाडं मोजायचं आणि दुसऱ्याचं झाकायचं, हे चालणार नाही.

इकडे पुण्यात काकूंचं, म्हणजे तिच्या आईचं, भलतंच लॉजिक. ‘‘विथ डिपेण्डण्ट रेट नातीमुळे मिळतो ना? मग अख्खा भत्ता नातीचाच!’’ काकू, तसंही नाही. भत्ता सैनिकाचाच, त्याला घर हवं म्हणून. मुलीलाही लेकीसारखं त्या घरात राहायचंय ना वीकेण्डला? कोर्ट भत्ता उचलून आईच्या हातात देत नाही, फक्त बेरजेत धरतं.

कोर्टाची ऑर्डर किंवा दोघांचा करार होईपर्यंत काय? त्यासाठी नेव्हीचा स्वतःचा नियम आहे. वेगळं राहणाऱ्या बायकोला आणि एका मुलाला मिळून निम्मा ग्रॉस पगार. आणि त्या ग्रॉसमध्ये नेव्ही बेसिकबरोबर बीएएचही धरते! म्हणजे ज्या नोकरीच्या भत्त्यावरून भांडण, ती नोकरीच म्हणते की मोजा. आर्मीचा नियम वेगळा, पण त्यातही रकमेचं माप एका प्रकारच्या बीएएचवरच बेतलेलं आहे.

खरी डोकेदुखी पुढे आहे: बदली. उद्या त्याची बदली एखाद्या स्वस्त गावात झाली की पिनकोड बदलला, बीएएच धाडकन खाली. पण कोर्टाची ऑर्डर? ती आपोआप बदलत नाही. त्याने अर्ज केला नाही तर तो जुन्याच रकमेचा देणेकरी. उलट महागड्या शहरात गेला आणि हिने अर्ज केला नाही, तर वाढ मिळणार नाही. आणि मागचे थकलेले हप्ते नंतर माफ होत नाहीत. १९८६च्या केंद्रीय कायद्यानुसार अर्जाची नोटीस पोचण्याच्या आधीची थकबाकी कोर्टालाही कमी करता येत नाही. ‘बघू नंतर’ हा आपला राष्ट्रीय फण्डा इथे खूप महाग पडतो. तो बराकीत राहायला गेला तर पूर्ण बीएएचही जातो. मग बीएएच-डिफ नावाचा छोटा भत्ता मिळतो, तोही मुलासाठी दरमहा निदान तेवढी रक्कम देत असेल तरच.

‘हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय?’ असं म्हणू नका. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२०मध्ये सांगितलं, की पोटगीच्या केसमध्ये नवरा-बायको दोघांनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ‘माझं बेसिकच एवढं’ हे वाक्य तिथेही फार टिकत नाही.

तर मैत्रिणीने सही केली नाही. कॅलिफोर्नियात गाइडलाइनपेक्षा कमी रकमेवर तडजोड करता येते. पण मग कोर्टाला सांगावं लागतं, की आम्हाला आमचे हक्क पूर्ण माहीत आहेत, कुणी जबरदस्ती केलेली नाही आणि मुलाच्या गरजा यात भागतील. ‘‘मला माहीतच नव्हतं, तर असं लिहून कसं देऊ?’’ ती म्हणाली. तिथे प्रत्येक काउण्टीच्या कोर्टात फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतो, चाइल्ड सपोर्टच्या कामात फुकट मदत करतो. ती तिकडे गेली. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याची मेल आली. मजकूर काही नाही, फक्त तीन महिन्यांच्या पूर्ण एलईएस.

मला वाटतं, त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेलं इतक्या वर्षांतलं सगळ्यात प्रामाणिक पत्र तेच असावं.

या महिन्याची स्लिप आली की वरच्या ओळीही वाचा. लग्न झालेलं असो, मोडलेलं असो, नाहीतर अजून ठरायचं असो!