मग आधी का नाही सुचले?

एखादा शोध लागून गेला की ‘यात काय मोठेसे?’ म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. गंमत म्हणजे पेटंटच्या कायद्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. शोध नुसता नवा असून भागत नाही; त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा नसावा, अशी अट आहे.

हा जाणकार म्हणजे वकील नव्हे, की अलौकिक बुद्धीचा शास्त्रज्ञही नव्हे. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत सर्किटे जुळवण्यात हात बसलेला, धंद्यात आजवर काय झाले ते ठाऊक असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. अर्ज दाखल झाला त्या दिवशी त्याला हे सुचले असते का, एवढेच पाहायचे. उत्तर कळल्यावर गणित सोपेच वाटते!

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये मोटारीच्या पेडलचा खटला आला. मागेपुढे सरकणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही जुना. त्यांची सांगड कुशल माणसाला सुचणारच, असे न्यायालयाने ठरवले. मला ते पटते.

आपल्याकडचा बजाज ऑटोचा खटला इतका सरळ नव्हता. लहान इंजिनात एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, ही त्यांची रचना. अर्ज २००२ चा. २००७ मध्ये टीव्हीएसची ‘फ्लेम’ आली आणि वाद पेटला. दोन प्लग होंडाच्या जुन्या पेटंटातही आहेत, असे टीव्हीएसचे म्हणणे. एवढ्या लहान इंजिनात ते कोणी बसवले होते, हा बजाजचा सवाल. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई दिली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने खटला नोव्हेंबरअखेर निकाली काढण्यास बजावले. प्रत्यक्षात २०१९ मध्ये आपसांत तडजोड झाली. पेटंटचे आयुष्य २० वर्षांचे. त्यातली १२ कज्ज्यात गेली आणि मूळ प्रश्नाचा अंतिम निवाडा राहूनच गेला.

मोठ्या कंपन्यांना हे परवडते. बँकेत असताना लघुउद्योजकांचे कर्जाचे प्रस्ताव मी पुष्कळ वाचले. राहते घर तारण ठेवून गाळा चालवणारी ही माणसे. दुसऱ्याच्या पेटंटची नोटीस येवो की स्वतःचे उपकरण कोणी बड्याने उचलो, बारा वर्षे कोर्टात कोण टिकेल? न्यायालयाने स्वतंत्र शास्त्रीय सल्लागार नेमण्याची सोय पेटंट कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. मनाईचा हुकूम देण्याआधी, पहिल्या तारखांनाच ती वापरावी, आणि सल्लागार निवडताना पदव्यांइतकेच कारखान्यातले दिवसही मोजावेत.