टायरची जन्मपत्रिका

माझ्या पुतण्याने यंदा जुनी गाडी घेतली. चारही टायर काळेकुळकुळीत, चकचकीत. "काका, टायर बघा, नवेच आहेत. रविवारी आजीला घेऊन मंगेशीला जातो," म्हणाला. बेळगावहून गोव्याला म्हणजे चोर्ल्याचा घाट आलाच. वळणं, उतार आणि वर पाऊस. मी चष्मा लावला, मोबाईलची बॅटरी पेटवली आणि गाडीशेजारी उकिडवा बसलो.

टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. त्याच्या टायरवर होतं : १८५/६५ आर १५ ८८ एच. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर. कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ इंचांच्या रिमवर बसणारा. ८८ हा वजनाचा सांकेतिक आकडा. एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. 'एच' ही वेगाची मर्यादा, ताशी २१० किलोमीटर. इतक्या वेगाने कुणी जायचं नाही. पण टायर बदलताना गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा खालचा आकडा किंवा अक्षर स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये.

पुतण्या कंटाळला. "सगळं बरोबर आहे ना?"

"थांब. अजून जन्मतारीख बघायची आहे."

डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा ते टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बाहेर दिसले नाहीत तर आतली बाजू बघायची. तीन टायरवर २०२१ सालचे आकडे होते. पुढच्या डाव्या टायरचे मात्र बाहेर दिसेनात. स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, तेव्हा आतल्या बाजूला सापडले : ०९१४. म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा! बहुतेक वर्षानुवर्षं स्टेपनी म्हणून डिकीत पडलेला टायर विकण्यापूर्वी पुढे चढवला होता.

"पण काका, नक्षी तर सगळ्यांत जास्त यालाच आहे."

हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो. नक्षी शाबूत असलेला माझा टायर भर हायवेवर फाटला. मागच्या सीटवर मुलं होती. गाडी कशीबशी कडेला थांबली, म्हणून आज हे लिहितोय. पंक्चर काढणाऱ्याने ते चार आकडे दाखवले, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा अर्थ कळला.

नक्षी झिजते ती चालवून. रबर म्हातारं होतं ते ऊन, हवा आणि काळाने. म्हणून दोन्ही तपासायचं. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. आणि वयाचं म्हणाल तर, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, बदला, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात. कडेला बारीक चिरा दिसल्या तर वयाचीही वाट पाहू नका.

आणखी एक. टायरवर हवेचा जो आकडा असतो, तो कमाल मर्यादेचा. रोज भरायची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते. ती टायर थंड असताना तपासायची, आणि स्टेपनीचीही.

पुतण्या थोडा कुरकुरला. नुकताच गाडीवर पैसा खर्च झाला होता. पण सोमवारी पुढचे दोन्ही टायर नवे घेतले, आणि आधीच्या पुढच्या जोडीतला चांगला टायर स्टेपनीला ठेवला. मंगेशीला जाणं आठवडाभर पुढे गेलं. आजीला कारण सांगितलं नाही. घाटात ती शांत झोपली होती म्हणे.

आपण लग्नाआधी पत्रिका बघतो. आज जेवण झालं की खाली जा आणि आपल्या गाडीच्या पाच पत्रिका वाचून या. पाचवी डिकीत आहे.