नास्तिकाशी सोयरीक

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. दांडिया बाजारात राहणारे आमचे एक जुने स्नेही संध्याकाळी घरी आले. भाचीसाठी एक स्थळ सांगून आले होते. मुलगा इंजिनियर, पगार चांगला, घराणे माहितीतले, चार पिढ्या बडोद्यात काढलेले. पत्रिकाही जुळत होती. सारे मनासारखे असूनही स्वारीचा चेहरा मात्र उतरलेला. चहाचा कप खाली ठेवून, दाराकडे एकदा पाहून, ते हळू आवाजात म्हणाले, "नाना, मुलाने स्वतःच सांगितले, मी देव मानीत नाही. आता अशा घरी मुलगी द्यायची कशी? उद्या पिऊन आला तर बोलायचे कोणाला?"

मला हसू आवरेना. देव मानणारे सगळे पाणीच पीत असते तर आषाढी अमावास्येला 'गटारी' हे नाव पडले नसते, आणि दारूबंदीच्या या गुजरातेत पोलिसांना निम्मे काम उरले नसते. मी म्हटले, "अहो, मीही गेली पन्नास वर्षे देव मानीत नाही. मला किती वेळा प्यालेला पाहिलेत?" ते गडबडले. "छे, छे! तुमची गोष्ट वेगळी."

'तुमची गोष्ट वेगळी' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यावर एकदा लिहावे असे फार दिवस मनात होते. ओळखीचा नास्तिक प्रत्येकाला वेगळाच वाटतो. तो वेळेवर येतो, उसने घेतलेले परत करतो, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेतो. वाईट असतो तो न पाहिलेला नास्तिक. असा न पाहिलेला नास्तिक आमच्या समाजाच्या मनात कोणी आणून बसविला, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पहिला समज असा की, नास्तिकपणा ही विलायतेहून आलेली वस्तू आहे. इंग्रजी शिकलेल्यांनी ती टोपी आणि बुटांबरोबर आणली. वस्तुस्थिती निराळी आहे. आस्तिक आणि नास्तिक या दोन शब्दांची व्युत्पत्ती पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत दिली आहे, म्हणजे शब्द त्याच्याहून जुने. मनुस्मृतीने नास्तिक म्हटले ते वेदाची निंदा करणाऱ्याला. त्या मापाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. उलट ईश्वरावाचून सृष्टीची उपपत्ती लावणारे जुने सांख्य आणि यज्ञाच्या फळासाठी ईश्वराची मध्यस्थी न लागणारे पूर्वमीमांसक मात्र आस्तिकांच्या पंक्तीला बसले! रामायणात रामाला परलोक नाही असे सांगणारा जाबाली दशरथाच्याच दरबारातला ब्राह्मण आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह रचला तेव्हा पहिले प्रकरण चार्वाकाला दिले. खोडून काढण्यासाठी का होईना, आधी त्याचे म्हणणे मांडले. विरोधकाचे म्हणणे प्रथम नीट सांगावे आणि मग आपले, ही आपल्या शास्त्रकारांची रीत होती. आज आपण त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच मुलीचे लग्न मोडावयास निघतो.

मात्र त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे. महाभारताच्या शांतिपर्वात, युद्धानंतर युधिष्ठिर हस्तिनापुरात प्रवेश करतो तेव्हा चार्वाक नावाचा राक्षस ब्राह्मणाच्या वेषात पुढे येऊन आप्तांचा संहार केल्याबद्दल त्याला दोष देतो, आणि जमलेले ब्राह्मण त्याला हुंकाराने जाळून टाकतात. तो दुर्योधनाचा मित्र म्हणून सांगितला आहे, हे खरे. पण त्याने बोलून दाखविलेली टोचणी खुद्द युधिष्ठिराच्याच मनाला लागलेली होती. म्हणजे ऐकून घेणे आणि जाळून टाकणे या दोन्ही वाटा आपल्याच घरातून निघतात. कोणत्या वाटेने जायचे ते प्रत्येक पिढीने ठरवायचे असते.

दुसरा समज, आमच्या स्नेह्यांचा: देवाचे भय नाही त्याला नीती कसली? याला उत्तर वादाने देण्यापेक्षा माणसे दाखवावीत. गोपाळ गणेश आगरकर घ्या. देवाच्या अस्तित्वाविषयी ते अज्ञेयवादी होते. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी शिक्षकाची गरिबी पत्करली, दम्याने शरीर पोखरले असता 'सुधारक' चालविला, आणि १८९५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच ते गेले. अशा माणसाने घरात काय केले? पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांची व्रते, त्यांचा देव आगरकरांनी हिसकावून घेतला नाही. ज्यांच्याशी हाडवैर झाले त्या टिळकांनीच 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भयाने यातले काही घडलेले नाही.

भयाने जी नीती टिकते ती पोलीस पाठमोरा झाला की डळमळते, हे चौकातला कोणीही सायकलवाला सांगेल. खरे पाहता भाविकाची नीतीही केवळ भयावर उभी नसते. माझी आई दाराशी आलेल्याला भाकरी देई ती यमाच्या वहीत जमा व्हावी म्हणून नव्हे. तो भुकेला दिसे म्हणून. त्या क्षणी तिच्यात आणि माझ्यात काडीचे अंतर नसे.

तिसरा समज असा की, हे सारे तरुणपणाचे आहे, संकट आले म्हणजे देव आठवतोच. पुष्कळांना आठवत असेल. त्यात कमीपणा नाही. पण सर्वांना आठवतोच असे नाही. लाहोरच्या तुरुंगात, डोळ्यांसमोर फाशी दिसत असता, १९३० साली भगतसिंगाने आपण नास्तिक का आहो यावर लेख लिहिला. हा पोरगा प्रसिद्धीने फुगला आहे, असा आरोप एका धार्मिक सहबंद्याने केला होता, त्याला ते उत्तर होते. मरणाची तारीख जवळ आलेली असताना थोडी प्रार्थना केली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण जे मनाला पटत नाही ते भीतीपोटी ओठांवर आणणे त्याला अप्रामाणिकपणा वाटला. त्याचे मत कोणाला पटो न पटो, तो प्रामाणिकपणा नाकारता येत नाही.

चौथा समज अधिक घातक आहे. नास्तिक म्हणजे देवाचा आणि भाविकांचा शत्रू. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव न मानणारे. तरीही त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करीत नाही, देवाच्या नावाने चाललेल्या फसवणुकीला करते, हे सांगता सांगता त्यांची हयात गेली. डॉ. श्रीराम लागू मात्र देवाच्या कल्पनेला आता निवृत्त करा असे उघड म्हणत. दोघे एकाच व्यासपीठावर बसून आपला मतभेद श्रोत्यांपुढे मांडीत, आणि देव मानणारे श्रोते गावोगाव तो ऐकावयास येत. हे महाराष्ट्रात घडले. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हेही महाराष्ट्रातच घडले. त्यानंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने ना कोणाची वारी अडली, ना कोणाची पूजा. 'शत्रू' हा शब्द सैलपणे वापरला की पुढे तो कोणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो, एवढे तरी यातून आपण शिकावे.

आता पाचवा समज, जो आम्हा बडोदेकर मराठी मंडळींचा खास आहे. पुण्यातल्या मराठी माणसाला आपण मराठी आहो हे रोज आठवावे लागत नाही. आम्हाला लागते. आमचे मराठीपण टिकले ते मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून आषाढीला निघणाऱ्या स्वारीत, वाड्यावाड्यांतल्या गणपतीत, हळदीकुंकवात, कीर्तनात आणि नवरात्राच्या आरत्यांत. मुलांच्या शाळा इंग्रजी झाल्या, बाजाराची भाषा गुजराती. मराठी उरली देवघराच्या आसपास. म्हणून कोणी 'मी देव मानीत नाही' म्हटले की आम्हाला ऐकू येते, 'मी तुमचा नाही'. ही भीती खोटी नाही. पण तिचे औषध त्या मुलाला बाहेर काढणे हे कसे असेल? मी दर वर्षी गणेशोत्सवाचा हिशेब लिहितो, मांडवाला हातभार लावतो, आरतीच्या वेळी मागे उभा राहतो. टाळी वाजवीत नाही, पण जागचा हलतही नाही. त्या आरत्यांचे शब्द माझ्या आजोबांच्या आवाजात माझ्या कानांत आहेत. त्यांवर माझा हक्क श्रद्धेमुळे नाही, वारशामुळे आहे. उद्याच्या पोरांना हा हक्क नाकारलात तर देव राहील की नाही ते देवच जाणे, मांडवात माणसे मात्र राहणार नाहीत.

इथवर वाचून आमचे काही तरुण मित्र खूष झाले असतील. आता त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे.

गांधीजींनी आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. १८९१ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ वारला. पार्लमेंटात देवाच्या शपथेवरून ज्याला वर्षानुवर्षे बसू दिले नाही तो हा नास्तिक, आणि १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आलेला हिंदुस्थानचा कैवारी. त्याच्या अंत्यविधीला तरुण गांधी गेले होते. परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने एका पाद्रीबुवांना गाठून उलटतपासणी सुरू केली: पृथ्वीचा घेर इतका, मग तुमचा देव केवढा आणि कुठे? पाद्रीबुवा नम्रपणे म्हणाले, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. नास्तिकाने विजयी मुद्रेने चौफेर पाहिले. पाद्रीबुवा गप्प राहिले. गांधीजी लिहितात की, त्या संभाषणाने नास्तिकपणाविषयीचा त्यांचा ग्रह अधिकच प्रतिकूल झाला. वाद जिंकला आणि माणूस गमावला!

तेच गांधीजी १९३१ साली 'ईश्वर सत्य आहे' याऐवजी 'सत्य हाच ईश्वर' असे म्हणू लागले. सत्य तर नास्तिकही नाकारीत नाही, हे त्यांनी त्यामागचे एक कारण सांगितले. पुढे आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, सेवाग्रामला आले. नास्तिक मतांपायी त्यांना कॉलेजातील नोकरीवर पाणी सोडावे लागले होते. खेड्यात राहून ते अस्पृश्यतानिवारणाचे काम करीत. त्यांनी गांधीजींना वादात हरविले नाही, काम दाखविले. गोरांच्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी ठरला तेव्हा गांधीजींनी तो आश्रमात लावण्याचे योजिले, आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यास मान्यता दिली. विवाहापूर्वीच गांधीजींची हत्या झाली. पण १९४८ साली सेवाग्रामला ते लग्न लागले. स्टेशनावरल्या नास्तिकाने जे दार लावले ते गोरांनी उघडले.

आणि स्टेशनावरला तो नास्तिक काही काळ मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. विशी ओलांडलेली, चार पुस्तके वाचलेली. आईचे सोळा सोमवार चालले होते. पाहुण्यांसमोर मी तिच्या उपासाची टिंगल केली, सगळे हसले. आई काही बोलली नाही. रात्री ताट वाढताना म्हणाली, "देव नाही म्हणतोस, नसू दे. मी तर आहे ना?"

त्या वाक्याला माझ्याजवळच्या चारही पुस्तकांत उत्तर नव्हते. मी देवाशी भांडत आहे असे समजत होतो आणि दुखावीत होतो तिला. त्यानंतर ती असेपर्यंत सोमवारी संध्याकाळी बेलाची पाने मी आणून देत असे. माझे मत तसूभरही बदलले नव्हते. तिनेही ते कधी बदलू पाहिले नाही.

तेव्हा एकत्र नांदण्याचा मार्ग अवघड नाही. नास्तिकाने भाविकाच्या श्रद्धेला हसू नये. फसवणूक दिसेल तिथे मात्र गप्पही बसू नये. भाविकाने नास्तिकाच्या नीतीवर शंका घेऊ नये, आणि मन नसता त्याचे हात बळेच जोडवू नयेत. आपल्या राज्यघटनेने पदाची शपथ घेताना ईश्वराला साक्ष ठेवणे किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करणे या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ज्याने जी निवडली तिने त्याच्या पदाचे वजन कमी-जास्त होत नाही. जे मंत्र्याला चालते ते जावयाला का चालू नये?

त्या स्थळाचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. मी स्नेह्यांना म्हटले, "मुलाने आपण होऊन सांगितले ना? खोटे बोलला असता तर तुम्हाला कळलेही नसते. मुलगी द्यायला याहून चांगली खूण कोणती हवी?" ते विचार करीत गेले. मुलगा-मुलगी भेटली, बोलली. मुलगी रोज गणपतीस्तोत्र म्हणते. त्याने सांगितले की, त्याची काही हरकत नाही. त्याची अट एकच होती: ज्या विधीचा अर्थ कळेल आणि जो मनापासून म्हणता येईल तेवढाच करू.

हे ऐकून मामा पुन्हा माझ्याकडे आले. मी त्यांना आठवण दिली की, विधींचा अर्थ यजमानाला समजावून सांगता यावा म्हणून सयाजीराव महाराजांनी याच बडोद्यात १९१५ साली पुरोहितांसाठी कायदा केला होता. मुलगा नवे काहीच मागत नाही, आपल्या राज्यातला जुनाच कायदा मागतो आहे! मामा मोकळेपणाने हसले.

वैशाखात लग्न झाले. सप्तपदीच्या प्रत्येक पावलाचा अर्थ भटजींनी मराठीत सांगितला. आयुष्यात पन्नास तरी लग्ने मी जेवलो असेन. सातही पावलांचा अर्थ प्रथमच ऐकला. माझ्या शेजारी बसलेल्या भाविक मंडळींनीही, त्यांच्या चेहऱ्यांवरून पाहता, तो प्रथमच ऐकला असावा.